अनसूयाबाईंच्या खजुराचं पिल्लू

आमच्या प्रयोगशाळेत बोलायला मनाई होती. माणूस बोलला की तोंडातून वाफ जाते, वाफेबरोबर जंतू जातात, आणि समोरच्या बाटलीत नखाएवढं रोप वाढत असतं ते बघता बघता बुरशीच्या कापसाखाली गडप होतं. म्हणून तोंडाला पट्टी आणि डोक्याला टोपी बांधून आम्ही सगळ्या बायका गाळलेल्या हवेच्या कपाटांसमोर ओळीनं बसायचो. कपाटांचा एकसुरी घूं घूं आवाज चालू असायचा. समोर स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत. चिमटा ज्योतीत धरायचा, गार होऊ द्यायचा, बाटलीतून रोपाचा तुकडा उचलायचा, कापायचा, दुसऱ्या बाटलीत लावायचा, झाकण. पुन्हा ज्योत. नव्या मुलींना सुरुवातीला झोप यायची. जुन्यांना झोप येत नसे, पण जागेपणीच आपण कुठेतरी भलतीकडे हिंडून येतोय असं वाटायचं. अर्धं आयुष्य मी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघत काढलं आणि त्याचा पगारही घेतला, असं मी हल्ली घरी सांगते.

ही प्रयोगशाळा यवतमाळच्या बाहेर, आर्णी रोडवर होती. मूळचं ते सरकीचं गोदाम. आमचे मालक विनायकराव कापसाच्या व्यापाऱ्यांच्या घरातले. जिथे सरकीचे ढीग लागायचे तिथे त्यांनी फरशी बसवली, खिडक्या बुजवल्या, एसी लावले आणि केळीची रोपं बाटलीत वाढवायला घेतली. मी तेव्हा अमरावतीहून एम.एस्सी. होऊन परतले होते. आमच्या घरी दोन पिढ्या सगळ्यांनी कचेऱ्यांत नोकऱ्या केलेल्या. 'मुलगी केळी लावते' हे वडिलांना बरेच दिवस कोणाला सांगता येत नव्हतं.

कापसातून सरकी काढणारे जिनिंगवाले विनायकरावांना हसायचे. पुढे हसणं थांबलं, कारण कापसाची ती वर्षं आली. कितीही फवारा, बोंडअळी दाद देईना. फवारून फवारून माणसंच आजारी पडत. गावोगावच्या बातम्या अशा यायच्या की सकाळी पेपर उघडायला नको वाटे. रस्त्यात गाडी थांबवून बाहेरगावचे कॅमेरेवाले अमुक गाव कुठे म्हणून विचारत, आणि चहाच्या टपरीवरची माणसं उत्तर न देता पेल्यात बघत बसत. त्या काळात जो तो कापसाला पर्याय शोधत होता. कोणी सफेद मुसळी लावली, कोणी कोरफड, कोणी चंद्रज्योत. आणि बाटलीत झाडं करणारी बाई आर्णी रोडवर बसते हे कळल्यावर माझ्याकडे रांग लागली. ढाणकीचे एक गृहस्थ सागाची फांदी स्कूटरला बांधून घेऊन आले. पुसदच्या एका पेन्शनर गुरुजींना आईनं लावलेला मोगरा तसाच्या तसा चारही मुलींच्या अंगणात हवा होता. एकानं तर खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, म्हशीचं नाई होत का टिश्यू कल्चर? माह्यी एक म्हैस हाय, दोन्ही टाइम बालटी भरते." मी नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वासच उडाला.

आम्ही करायचो ते काम तसं सांगायला सोपं आहे. विरजणाची एक कवडी दुधात टाकली की भांडंभर दही त्याच चवीचं लागतं, तसं. झाडाच्या कोंभाचा छोटा तुकडा घ्यायचा, तो निर्जंतुक करायचा, साखर आणि क्षार घातलेल्या घट्ट खळीवर बाटलीत ठेवायचा. जमलं तर एका तुकड्याचे दोन होतात, दोनाचे चार होतात, आणि प्रत्येक रोप मूळ झाडासारखंच निघतं. केळी या बाबतीत गुणी. खजूर मात्र फार हट्टी झाड. त्याचं बी पेरलं तर निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळच नाही, आणि ज्या माद्या निघतात त्यांत एकीची चव दुसरीला नसते. चांगल्या मादीसारखीच मादी हवी तर तिच्या बुंध्याशी येणारी पिल्लं काढून लावायची. पण ही पिल्लं झाड तरुण असेपर्यंतच येतात. एकदा वय झालं की नाही. आणि बाटलीत खजूर करायचा तर केळीला महिने लागतात तिथे इथे वर्षं लागतात. त्यातली कितीतरी नुसती काळोखात.

हे सगळं माहीत असूनही मी खजुराच्या नादी लागले ते दिगंबरमुळे.

मे महिन्याच्या अखेरीला, ऊन मी म्हणत असताना, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळी फळं घेऊन आला. पस्तिशीचा, उन्हानं रापलेला, हळू बोलणारा शेतकरी. वावर आर्णीच्या पुढे, अरुणावतीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर घ्यायचा. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "केळीचं विचाराले नाई आलो, मॅडम. हे खाऊन पाहा फक्त."

ओली खारीक मी आधी खाल्ली होती. कच्ची असली की जीभ आखडते, तोंडाला तुरट मिठी बसते. म्हणून मी जपून चावले. ते फळ उसाच्या पेरासारखं कुरकुरीत मोडलं आणि तुरटपणा औषधालाही नव्हता. विनायकरावांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं हातात धरून खुर्चीत बसून राहिले. शेवटी म्हणाले, "क्या बात है! मृग लागायच्या आत तयार होते हे?"

"दरसाल," दिगंबर म्हणाला. "पाणी पडाच्या आत झाड खाली होते."

इथे कळीचा मुद्दा हाच होता. खजुराला ऊन लागतं, आणि ऊन आमच्याकडे काय कमी! पण फळ तयार व्हायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडते, फळं झाडावरच नासतात, म्हणून विदर्भात खजूर होत नाही असं सगळे धरून चालायचे. दिगंबरचं झाड पावसाला चुकवत होतं.

"पण झाड मरून राह्यलं, मॅडम," तो म्हणाला. "तुमी या एक डाव."

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. विहिरीच्या काठावर एकटंच उंच, किंचित कललेलं झाड उभं होतं, आणि त्याच्या सावलीच्या तुकड्यात दिगंबरची आई, अनसूयाबाई, पाय पसरून बसल्या होत्या. काटक बाई. नऊवारीचा कासोटा, कपाळावर गोंदण, डोळे बारीक करून बघायची सवय. झाड कसं आलं ते त्यांनीच सांगितलं. आर्णीचे एक बांगडीवाले चाचा त्यांच्या यजमानांचे दोस्त. हजहून आल्यावर त्यांनी मूठभर खजूर दिला. घरादारानं खाल्ला, बिया विहिरीच्या दंडात, पाणी वाहायच्या चरात, टाकल्या, त्यातली एक उगवली. नाल्यात शिंदीची, म्हणजे रानखजुराची, झाडं होती, त्यांचा पराग वाऱ्यानं येई, आणि फळ धरे. गावातले लोक आधी 'शिंदी पोसून राह्यली का वो?' म्हणून चेष्टा करत. पुढे त्याच गावातली पोट्टी उन्हाळाभर झाडाखालून हलत नसत. यजमान गेले, चाचाही गेले. झाडाला अनसूयाबाई 'ती' म्हणत. फळ धरणारी म्हणजे बाईच, तिला 'ते झाड' काय म्हणायचं!

"कान लाव," त्या मला म्हणाल्या.

मी खोडाला कान लावला. आतून आवाज येत होता. बारीक, सावकाश, कुरुम कुरुम, कोणीतरी दूरच्या खोलीत बसून चणे खातंय तसा. सोंड्या भुंग्याच्या अळ्या होत्या. त्या खोड आतून पोखरतात. बाहेरून झाड हिरवं दिसतं आणि एक दिवस शेंडा लवंडतो. तोवर फार उशीर झालेला असतो. इथे शेंडा अजून उभा होता, पण उशीर झालाच होता. मी बराच वेळ कान लावून उभी राहिले. आवाजाला एक लय होती, आणि सांगायला वाईट वाटतं, पण तो ऐकत राहावासा वाटत होता.

"रोज आयकतो मी," अनसूयाबाई म्हणाल्या. "आंधी थोडा होता."

बुंध्याला विहिरीच्या बाजूनं एकच पिल्लू होतं. या वयाच्या झाडाला ते यायलाच नको होतं. कसं कोण जाणे आलं होतं. गुडघ्याएवढं, काटेरी, तजेलदार. मी त्यालाही कान लावला. आत शांत होतं.

आता मी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. पिल्लू काढून दुसरीकडे लावलं तर जगलं तर एक झाड मिळेल. प्रयोगशाळेत दिलं तर ते कापावं लागेल. पानं सोलत सोलत आतला कोंभ काढावा लागेल, आणि त्या कोंभाचे तुकडे करावे लागतील. जमलं तर पुष्कळ रोपं होतील. नाही जमलं तर काहीच उरणार नाही. आणि खजूर मी तोवर कधी केलेला नव्हता.

दिगंबरचा विचार पक्का होता. "देऊन टाकू, माय. एका झाडानं काय होते?"

अनसूयाबाई त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "तिले एकच लेकरू हाय. ते तुमी कापून पाहान?"

"हो."

"मंग जगन का मरन?"

"ते मला आज नाही सांगता येत, मावशी."

"मंग कायले आली एवढ्या उनात?" असं म्हणून त्या उठून घरात गेल्या आणि आमच्यासाठी ताक घेऊन आल्या. त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. परतताना विनायकराव गाडीत म्हणाले, "विसरा. बुढी देत नाही."

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी चौकीदार मला बोलवायला आला. दाराशी अनसूयाबाई उभ्या होत्या. ओल्या पोत्यात गुंडाळलेलं पिल्लू त्यांनी कडेवर घेतलं होतं. आर्णीहून एसटीनं आल्या होत्या. कंडक्टरनं टपावर टाका म्हटलं तर त्याच्याशी भांडून मांडीवर घेऊन आल्या होत्या. दिगंबर मागे अवघडून उभा.

"काहून बदललं मन, मावशी?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप त्यांच्यासारखी व्हायची.

"तिचा शेंडा लवला काल," त्या म्हणाल्या. "म्या इचार केला. याले लावलं, हे मोठं झालं, मंग याच्यातबी भुंगा येईन. मंग मी पुन्हा कान लावून बसन का? एकटं असलं का असंच होते, पोरी. मोप असले पाह्यजे. एखांदं गेलं तं गेलं." मग पिल्लू कडेवर सावरत, "मी पाहीन मातर. तू कापशीन ते मले पाहू दे."

कापायच्या खोलीत बाहेरच्या माणसाला येता येत नाही. पण मधल्या भिंतीला काच होती. काचेपलीकडे त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं आणि मी कामाला बसले.

खजुराचं पिल्लू सोलणं हे कांदा सोलण्यासारखं असतं असं पुस्तकात वाचलं होतं. कांद्याला काटे नसतात. आधी बाहेरची पानं, मग तपकिरी जाळीचं वेष्टण, ते काढलं की पुन्हा पान, पुन्हा जाळी. माझ्या बोटांतून रक्त आलं. हळूहळू हिरवा रंग फिका होत गेला, मग पिवळसर, मग दुधासारखा, आणि शेवटी हस्तिदंती. गुडघ्याएवढ्या पिल्लातून बोटाच्या पेराएवढं काहीतरी राहिलं, ओलसर, पांढरंशुभ्र. हवा लागली की ते काळं पडतं, म्हणून मी घाईनं ते द्रावणात सोडलं. मान वर केली तर अनसूयाबाई काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या. त्यांच्या श्वासानं काचेवर धुकं आलं होतं आणि त्या पदरानं ते पुसून पुन्हा बघत होत्या.

त्या पांढऱ्या कोंभाचे मी तुकडे केले. खळीत कोळशाची पूड घातली होती, कारण खजुराचा तुकडा स्वतःचंच विष सोडतो आणि कोळसा ते शोषून घेतो. काळ्या खळीवर पांढरे तुकडे ठेवले, झाकणं लावली, आणि बाटल्या काळोख्या खोलीत नेऊन ठेवल्या. बाहेर आले तर अनसूयाबाई सोललेली पानं आणि जाळ्या पदरात गोळा करत होत्या. "हे तुमच्या कामाचं नाई ना?" मी मान हलवली. त्यांनी गाठोडं बांधलं आणि एसटीला निघून गेल्या.

त्यानंतर काळोख. त्या खोलीत आम्ही हिरवा मंद दिवा घेऊन जायचो. आत शिरलं की बाहेरचं ऊन, रस्त्यावरचे ट्रक, आणेवारी, भाव, मोर्चे, सगळं दाराशी गळून पडायचं. फळीवर बाटल्या शांत बसलेल्या. महिनोन्‌महिने त्यांत काही घडायचं नाही. काही तुकडे काळे पडले. काहींना बुरशी आली. बाकीचे नुसते होते, जिवंत आहेत की नाहीत ते कळू न देता. मी रोज जाऊन उभी राहायची. कधी कधी वाटायचं, आपण विहिरीच्या तळाशी उभे आहोत आणि वर कोणीतरी दिवा धरलाय. एकदा तर कान बाटलीला लावला, आणि कोणी बघितलं नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

अनसूयाबाई यवतमाळच्या बाजाराला आल्या की डोकावायच्या. आल्या आल्या विचारायच्या, "काही म्हनते का?" नाही म्हटलं की बसून पाणी प्यायच्या आणि जायच्या. एकदा विनायकरावांनीच सांगितलं, दाखवा त्यांना. हातपाय धुऊन, टोपी-पट्टी घालून मी त्यांना आत नेलं. दाराशी सांगितलं, आत बोलायचं नाही.

"मनातल्या मनात बोललं तं चालते ना?" त्या म्हणाल्या.

हिरव्या उजेडात त्या फळीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. पट्टीआड ओठ हलत होते. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

थोरलं झाड दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडी वावटळीत पडलं. दिगंबर निरोप द्यायला आला तेव्हा फळीवरच्या काही तुकड्यांवर बारीक दाणेदार फोड आले होते, रव्यासारखे. मी त्याला बाटली उजेडात धरून दाखवली. त्या प्रत्येक दाण्यात एक झाड आहे म्हटलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला. त्याला त्यात काही दिसलं नसावं, पण तो म्हणाला, "मायले सांगतो का दिसलं म्हनून."

आणि मग ट्रान्सफॉर्मर जळाला.

त्या दिवसांत लोडशेडिंग इतकं होतं की वीज असणं हीच बातमी असायची. आम्ही जनरेटरवर दिवस काढत होतो. त्या दुपारी ट्रान्सफॉर्मर गेला आणि थोड्याच वेळात जनरेटरनंही मान टाकली. बाहेर भट्टी पेटलेली. खिडक्या बुजवलेल्या त्या गोदामात ऊब चढायला लागली. केळीची हजारो रोपं होती, आणि खजुराची ती एक फळी. विनायकराव फोनवर ओरडत होते. मेकॅनिक आर्णीहून निघाला होता, किती वेळात येईल सांगता येत नव्हतं. मी थर्मामीटरकडे बघत होते आणि माझं डोकं चालेना.

त्या दिवशी बाजार होता. अनसूयाबाई नेहमीसारख्या आल्या, दारातूनच गरम वाफ लागली तशी थांबल्या. "बारदाना नाई का तुमच्याइथं? कापूसवाले ना तुमी?"

बारदाना होता. मागच्या खोलीत जुन्या पोत्यांची चळत पडून होती. सगळ्या मुली कामाला लागल्या. आवारातल्या विहिरीतून बादल्या ओढल्या, पोती भिजवली, फळ्यांना चारी बाजूंनी टांगली. चौकीदारानं कुठून तरी सुपं आणली आणि आम्ही ओल्या पोत्यांवर वारा घालत राहिलो. विनायकराव धोतराचा सोगा खोवून बादल्या वाहत होते. बोलायची मनाई कोणाच्या लक्षातही राहिली नाही. लहानपणी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोली गार करायचे तसा ओल्या गोणपाटाचा वास सगळीकडे भरून राहिला. हातांचे गोळे झाले. अनसूयाबाई खजुराच्या फळीपासून हलल्या नाहीत. सूप एका लयीत चालू होतं, पोटच्या लेकराला वारा घालावा तसं. ऊन उतरायच्या सुमाराला वीज आली आणि एसी गुरगुरायला लागले, तेव्हा आम्ही जिथे होतो तिथेच ओल्या फरशीवर बसलो. कोणीतरी हसलं आणि मग सगळ्याच हसायला लागल्या.

मला आजही त्या दुपारचा अभिमान वाटतो. पण त्यानंतरचं सांगितलं नाही तर हे अर्धवट होईल. उष्म्यापासून ज्या बाटल्या वाचवल्या त्या ओलीनं घालवल्या. आठवडा उलटला आणि एकेका बाटलीच्या झाकणाखाली बुरशीचे पांढरे ठिपके दिसायला लागले. रोज सकाळी मी फळी बघायची आणि खराब बाटल्या उकळायला पाठवायची. केळीचं नुकसान इतकं झालं की विनायकराव त्यातून पुन्हा नीट सावरले नाहीत. त्यांनी पोत्यांबद्दल माझ्यापाशी किंवा अनसूयाबाईंपाशी कधी अवाक्षर काढलं नाही. दुसरा काही मार्ग होता का, हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारला आहे.

खजुराच्या फळीवर शेवटी ओंजळीत मावतील एवढ्या बाटल्या उरल्या. त्या जगल्या. रव्याच्या दाण्यांतून कोंभ आले, एकेक पान, गवताच्या पात्यासारखं सरळ. मी ते वाढवत, विभागत, पुन्हा वाढवत गेले. मधल्या काळात मुली कमी झाल्या, कपाटांपैकी निम्मी बंद झाली. रोपांना मुळं फुटली, मग त्यांना बाटलीतून काढून पिशवीत लावलं, हिरव्या जाळीखाली बाहेरच्या हवेची सवय लावली. बाटलीतलं रोप लाडावलेलं असतं. त्याला वारा म्हणजे काय तेही शिकवावं लागतं. ती रोपं दिगंबरच्या वावरात लागली आणि काही आसपासच्या गावांत गेली. त्याच वर्षी विनायकरावांनी प्रयोगशाळा बंद केली. शेवटच्या दिवशी कपाटांचा घूं घूं आवाज थांबला तेव्हा आमचे सगळ्यांचे कान दुखले.

मी पुढे पुसदला कॉलेजात शिकवायला लागले. शिकवताना बोलावं लागतं, त्याची सवय व्हायला वेळ लागला. मधूनमधून दिगंबरचा फोन यायचा. झाडं उंच होतायत, काट्यापासून बैलाचा डोळा थोडक्यात वाचला, असलं काहीबाही. मला मात्र एक धास्ती होती, ती मी त्याला सांगितली नव्हती. बाटलीत फार काळ राहिलेला खजूर कधी कधी बिघडतो. झाड छान वाढतं, पण फुलोऱ्यात काहीतरी चुकतं आणि फळ धरत नाही. ते फुलोरा आल्याशिवाय कळत नाही, आणि फुलोरा यायला वर्षं जातात. इतक्या वर्षांनी त्या माणसाला काय सांगायचं, या विचारानं वर्गातही माझं लक्ष उडायचं.

मग एका मे महिन्यात त्याचा फोन आला. "मॅडम, मायनं बोलावलं. आजच या म्हन्ते."

मी पोचले तेव्हा वावरात पिवळे घड लोंबत होते. ओळीच्या ओळी, सगळ्या एका उंचीच्या, एका कलानं झुकलेल्या, उन्हात पानांची एकच सळसळ. ज्या झाडांबरोबर मी काळोखात एवढी वर्षं उभी होते ती अशी उजेडात बघून मला क्षणभर ओळख लागेना. दिगंबरनं सांगितलं, शिंदीचा पराग त्यानंच शिडी लावून झटकला होता. काही झाडांनी फळ धरलं नव्हतं. मला वाटलं होतं त्याहून ती कमी होती.

अनसूयाबाई बाजेवर बसल्या होत्या. फार थकल्या होत्या, दात गेले होते. सुनेनं फळ कुटून वाटीत दिलं. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि तोंड हलवत राहिल्या. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत होतो. वाटी संपवली, सुनेच्या हातात दिली, आणि माझा हात धरून उठल्या.

वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उभं राहून त्यांनी डोळे बारीक केले आणि इकडून तिकडे सगळ्या ओळी पाहिल्या.

"यातली ती कोन्ती वो?" त्यांनी विचारलं. "मी मांडीवर घेऊन आलती ते पिल्लू."

मला त्यांना विरजणाची गोष्ट सांगता आली असती. पण मी एवढंच म्हटलं, "सगळीच, मावशी. त्या पिल्लाचीच आहेत ही सगळी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. थट्टा करतेय का, असं वाटलं असावं. मग त्या पहिल्या झाडाशी गेल्या आणि बुंध्यावर तळवा ठेवला. काट्यांना चुकवून, हलकेच. तिथून दुसऱ्याशी गेल्या. तिथेही तळवा ठेवला. मग तिसऱ्याशी. दिगंबर म्हणाला, "माय, ऊन किती हाय!" त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांचा दुसरा हात धरून चालत राहिले. पहिली ओळ संपली, दुसरी सुरू झाली. फळ न धरलेल्या एका झाडाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "मावशी, हे जरा बिघडलं, याला फळ येत नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यावरही हात ठेवला.

घरातून सून जेवायला हाका मारत होती. आम्ही पुढच्या ओळीत वळलो.